एकोणतीस फेब्रुवारी, साडेअकरा

टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं.
इर्तिश नदीकाठचं सांस्कृतिक भवन,
नोव्हेंबरातला शुक्रवार, दुपारचे चार.
चारला दुपार म्हणायचं की नाही
इथूनच वाद पेटला,
कारण बाहेर दिवेलागण झाली होती.
मी लिहिलं : सभा सुरू, चार वाजता. उजेड जेमतेम.

जिल्हा कचेरीचे येर्मुरात साहेब म्हणाले,
"एक देश, एक वेळ.
बँका, विमानं, टीव्हीवरच्या बातम्या
सगळं कसं एका काट्यावर!"
आणि मनगट उचलून दाखवलं,
जणू देश तिथंच बांधलाय, पट्ट्यानं.

क्लावदिया येफिमोवना उठली, हातमोजे न काढताच.
"माझ्या सहा गाईंना राजपत्र वाचता येत नाही.
त्या हंबरतात जुन्या वेळेला,
दुधाची गाडी येते नव्या वेळेला.
मधला तासभर दूध आणि मी
एकमेकांकडे बघत बसतो."
(हशा, असं मी कंसात लिहिलं.)

शाळेची बाई बोलली :
मुलं अंधार तुडवत घरी येतात,
आणि जूनमध्ये सव्वातीनलाच
सूर्य छातीवर येऊन बसतो.

रेल्वेतून निवृत्त झालेला झेतपिस्बाय म्हणाला,
"फलाटावरचं घड्याळ तर जन्मभर
राजधानीचीच वेळ दाखवायचं.
घरी एक, ड्यूटीवर एक.
दोन वेळा सांभाळून संसार केला, मेलो नाही."
मागून त्याची बायको :
"उशिरा मात्र दोन्ही वेळांनी यायचास."

साहेबांनी उत्तरादाखल वेळ मारून नेली.
कुठली, जुनी की नवी, ते मी लिहिलं नाही.

मग खांबाआडून तोग्झान उभी राहिली.
सभेत कधी बोललेली नव्हती ती.

"मला काटे पुढंमागं करायचे नाहीत.
एक विचारायचंय.
गेल्या फेब्रुवारीची एकोणतीस तारीख.
रात्री बारा वाजायच्या जागी
तुमच्या हुकमानं पुन्हा अकरा वाजले.
माझा ओरालखान इस्पितळात होता.
नर्सनं कागदावर लिहिलं : मृत्यू, साडेअकरा.

त्या रात्री साडेअकरा दोनदा वाजले, साहेब.

मी गरम पाणी घेऊन वर आले,
त्याचा हात हातात घेतला. ऊब होती.
डोळे मिटलेले. वाटलं, झोपलाय.
तासभर बोलत बसले त्याच्याशी.
छपराचा पत्रा, थोरलीचं पत्र,
त्याच्या भावाशी धरलेला अबोला
मी सोडलाय, हेही सांगितलं.

पहिल्या साडेअकराला गेला असेल
तर मी कुणाशी बोलत होते?
दुसऱ्याला गेला असेल
तर त्यानं ऐकलं."

साहेबांनी पुन्हा मनगट पाहिलं.
या वेळी दाखवण्यासाठी नाही.
"त्या नर्सला विचारलंत?"
"ती एप्रिलमध्ये शहर सोडून गेली."
शेगडीवरच्या किटलीचं झाकण
तेवढं खडखडत राहिलं.

मतदान झालं, हात वर करून.
जुनी वेळ परत द्या : एकशे त्र्याण्णव.
असू दे आहे तशी : अकरा.
तोग्झाननं हात वर केला नाही,
ना इकडं, ना तिकडं.
जिन्यात मला म्हणाली,
"काटा पुढं सरकवला की
तो जादाचा तास ते परत घेतील ना?"
मला काय ठाऊक.
मी फक्त टिपणं घेते.

घरी टंकायला बसले.
प्रश्न, डावा रकाना. उत्तर, उजवा.
गाईंपुढं लिहिलं : विचाराधीन.
मुलांपुढं : विचाराधीन.
झेतपिस्बायपुढं : प्रश्न नाही.
तोग्झानपुढचा रकाना मोकळा.
दोनदा चहा केला.
कागद यंत्रातून काढला, परत घातला.

आणि टंकलं : दुसऱ्या.

सोमवारी शिक्का बसला.